एबीसीच्या भांडणात विशारद व्हा

गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा दिलेल्यांना खालच्या पायऱ्यांची नावं ओळखीची वाटतील. नावं तिथूनच उसनी घेतली आहेत, अभ्यासक्रम मात्र निराळा आहे. इथे गायचं नाही, वाजवायचंही नाही. चाल कशी लिहावी यावर वाद घालायचा आहे. त्याला पेटी-तबला लागत नाही, वयाची अट नाही, आणि नापास कुणीच होत नाही, कारण निकाल लागतच नाही.

प्रारंभिक

आधी वस्तू ओळखून घ्या. एबीसी ही साध्या कीबोर्डवर टंकता येणारी स्वरलिपी आहे. पाच रेघा नाहीत, गोळे नाहीत, गोळ्यांना शेपट्या नाहीत. ए ते जी ही सात इंग्रजी अक्षरं म्हणजे सात स्वर. कॅपिटल अक्षर खालच्या सप्तकातलं, स्मॉल अक्षर वरच्या. आणखी वर चढायचं असेल तर अक्षरापुढे एक ' लावा, खाली उतरायचं तर स्वल्पविराम. अक्षरापुढे 2 आला की स्वर दुप्पट लांब, तिरकी रेघ आली की निम्मा. अक्षराच्या आधी ^ म्हणजे शार्प, _ म्हणजे फ्लॅट, = म्हणजे शुद्ध. उभी रेघ आली की बार संपला.

चालीच्या डोक्यावर चार-पाच ओळी असतात. एक्स: म्हणजे क्रमांक, टी: म्हणजे नाव, एम: म्हणजे ताल, एल: म्हणजे एका अक्षराची मूळ लांबी, के: म्हणजे की. एक्स पहिलाच हवा आणि के शेवटीच हवा. मध्ये शोभेसाठी रिकामी ओळ सोडू नका. रिकामी ओळ दिसली की चाल तिथेच संपली असं धरलं जातं, आणि उरलेली चाल अनाथ होते. नवशिक्यांच्या पुष्कळशा तक्रारी या एका ओळीतून उगवतात.

हे सगळं सुरू केलं इंग्लंडच्या ख्रिस वॉलशॉ यांनी. 1980च्या दशकात लोकसंगीताच्या चाली चटकन टिपून ठेवण्यासाठी त्यांनी ही अक्षरं वापरायला घेतली. 1993 साली त्यांनी एबीसीटूएमटेक्स नावाचा प्रोग्राम लोकांना दिला. त्याला असा मजकूर दिला की तो त्याचं पाच रेघांचं छापील नोटेशन काढून देई. आयरिश आणि स्कॉटिश चाली वाजवणाऱ्यांनी तो उचलून धरला. ईमेलमध्ये चाल पाठवता येऊ लागली आणि घेणारा ती पडद्यावर नुसती वाचून गुणगुणू लागला. आज एबीसीत टंकलेल्या चाली लाखांच्या घरात आहेत.

एवढं आलं की प्रारंभिक पूर्ण. एक नियम मात्र आत्ताच पाठ करून ठेवा. एल: लिहायचं राहून गेलं तर काय धरायचं? एम: चा अपूर्णांक दशांशात मांडायचा. तो 0.75 पेक्षा कमी असेल तर प्रत्येक अक्षर एक-सोळांश, नाहीतर एक-अष्टमांश. म्हणजे 2/4 ला सोळांश, आणि 3/4 नेमका काठावर म्हणून अष्टमांश. एम: मधल्या 2/4 चं कुणी 4/4 केलं आणि खाली एका अक्षरालाही हात लावला नाही, तरी सगळे स्वर दुप्पट लांब होतात. प्रत्यक्षात एल: लिहायला कुणी विसरत नाही, पण वादात हा नियम उपयोगी पडतो, कारण समोरच्याला तो येत नसतो.

प्रवेशिका

आता भांडण मुळात आलं कुठून ते समजून घ्या. जोवर एबीसी माणूस वाचत होता तोवर भांडण नव्हतं. चाल त्याच्या कानात असायची आणि कागद फक्त आठवण करून द्यायचा. कुठे थोडं रेंगाळायचं, कुठे स्वर हलवायचा, हे लिहिलेलं नसलं तरी त्याला कळायचं. मग प्रोग्राम आले. कॉम्प्युटरला चाल आठवत नाही, त्याला सगळं सांगावं लागतं. आणि सांगायला गेलं की लक्षात येतं, आपण इतके दिवस एकमेकांना फारसं काही सांगितलेलंच नव्हतं.

उत्तम उदाहरण ~ या चिन्हाचं. एबीसीच्या प्रमाण व्याकरणाच्या 1996च्या 1.6 आवृत्तीत याचा अर्थ होता, स्वराला काहीतरी अलंकार द्या. कुणी रोल घेईल, पाइपवाला क्रॅन घेईल, आणखी कुणी तीन तुटक स्वर घेईल. ज्याचं वाद्य त्याचा अर्थ. आपल्याकडे बंदिशीच्या कागदावर एका स्वरावर वळसा काढून ‘इथे हरकत’ म्हणतात, तसंच. वादकाला एवढं पुरतं. पण चाल ऐकवणारा प्रोग्राम लिहायला बसलेल्या बिचाऱ्याने काय वाजवावं? 2.1 मध्ये ~ ला ‘आयरिश रोल’ असं नाव मिळालं. ज्यांचा तो रोल नव्हता ते बसले हात चोळत.

किंवा हॉर्नपाइप घ्या. हा नाच लिहिताना सारे स्वर सारख्या लांबीचे लिहायची रीत, वाजवताना मात्र एक लांब, एक आखूड असा डुलता. वादकाला नाचाचं नाव कळलं की पुरे. एबीसीटूमिडी या प्रोग्रामने शेवटी तेच केलं. नाचाचा प्रकार सांगणाऱ्या आर: या ओळीत हॉर्नपाइप लिहिलेलं दिसलं की तो स्वतःहून डुलायला लागतो. चांगलं की वाईट? यावर मत बनवा. कोणतंही चालेल.

इथे फ्रान्सिस ओनील यांचं नाव घ्या, वजन पडतं. ते शिकागोचे पोलीसप्रमुख होते. त्यांनी 1903 साली 1850 आयरिश चालींचा संग्रह काढला, आणि तो आता स्वयंसेवकांनी एबीसीत टंकलेला आहे. त्यांच्या डोक्यात चाली भरपूर होत्या, पण नोटेशन लिहिता येत नव्हतं. ते वाजवत आणि त्याच पोलीसदलातले जेम्स ओनील लिहून घेत. ज्याला चाल येते त्याला लिहिता येत नाही आणि ज्याला लिहायचं आहे त्याने ती ऐकलेली असायला हवी, ही वाटणी तेव्हापासून चालत आली आहे. पुढे जेम्स ओनील यांच्या जागी यंत्र आलं, आणि त्याला कान नाहीत.

मध्यमा

मध्यमेला एकच विषय आहे, उद्गारचिन्ह. हा नीट शिका. पुढचं सगळं याच्यावर उभं आहे.

विंडोजवर एबीसीटूविन नावाचा एक लोकप्रिय प्रोग्राम होता. छापताना ओळ कुठे तोडायची हे सांगायला त्याने ! वापरलं. लोकांनी त्या सवयीने भराभर चाली टंकल्या. दुसरीकडे 1.7.6 नावाचा मसुदा 2000 साली तयार झाला. त्यात स्वरावरचे अलंकार दोन उद्गारचिन्हांच्या मध्ये नाव घालून लिहायचे ठरले: !ट्रिल! किंवा !फर्माटा! असे. हा मसुदा अधिकृत कधीच झाला नाही, पण प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी तो तेवढ्याच निष्ठेने पाळला. झाली पंचाईत. समजा जुन्या फायलीत एकाच ओळीवर दोनदा ! आलं आहे, दोन ठिकाणी ओळ तोडायला. नव्या प्रोग्रामला दिसतं काय, तर दोन उद्गारचिन्हं आणि मध्ये जीएबीसी अशी अक्षरं. तो म्हणणार, ‘जीएबीसी’ नावाचा अलंकार मला माहीत नाही, सोडून देतो. आणि चालीतले चार स्वर गुपचूप गायब.

यावर पोलिसी तपासासारखा एक तोडगा निघाला. ! दिसलं की पुढे बघत जायचं. मोकळी जागा, बारची रेघ, चौकटी कंस, अपूर्णविराम किंवा ओळीचा शेवट यांतलं काही येण्याआधी दुसरं ! भेटलं तर तो अलंकार, नाहीतर ओळ तोडायची खूण. बहुतेक वेळा हा अंदाज बरोबर येतो. ‘बहुतेक वेळा’ ऐकल्यावर प्रमाणवाल्यांच्या अंगावर काटा येतो आणि वादक म्हणतो, मग काय बिघडलं? तुम्ही मध्ये उभे राहून दोघांनाही मान डोलवा.

2.0च्या मसुद्याला वाटलं, कटकट नको, ! सोडूनच देऊ. अलंकार + मध्ये लिहा, +ट्रिल+. वरवर पाहता शहाणपणाचं. पण + मोकळं होतं का? अगदी जुन्या काळी एकदम वाजवायचे स्वर, म्हणजे कॉर्ड, + मध्येच लिहीत. नंतर त्यांची सोय चौकटी कंसांत झाली. म्हणजे जुन्या भाडेकरूचं सामान पुरतं हललं नव्हतं तोच नवा राहायला आला. 2011च्या डिसेंबरात 2.1 आली आणि तिने अलंकार पुन्हा ! कडे नेले. ओळ तोडायला $ दिला. आणि ज्यांना जुनंच हवं त्यांच्यासाठी आय: नावाची ओळ ठेवली. तिथे लिहून टाका, मी + वाला आहे, किंवा मी ओळ ! ने तोडतो. एवढं होऊनही + रिकामा बसला नाही. लांबलेली माहितीची ओळ पुढच्या ओळीवर चालू ठेवायला +: ही नवी खूण निघाली.

मध्यमेची पुरवणी, फक्त मराठी विद्यार्थ्यांसाठी

परदेशी वाद म्हणून हसू नका. + च्या भांडणात आपला वाटा जुना आहे.

विष्णू नारायण भातखंडे (1860–1936) आणि विष्णू दिगंबर पलुस्कर (1872–1931) या दोघांनीही हिंदुस्थानी संगीत कागदावर आणायला आपापली स्वरलिपी बसवली. दोघे मराठी, दोघे विष्णू, दोघांच्याही लिपीत सा रे ग म हीच अक्षरं. म्हणजे टंकण्याजोगी स्वरलिपीच म्हणायची. आता टिंब पाहा. भातखंड्यांच्या पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे तार सप्तक, पायाशी टिंब म्हणजे मंद्र. पलुस्करांच्या पद्धतीत डोक्यावर टिंब म्हणजे मंद्र, आणि तार सप्तकाला उभी रेघ. एकच ‘नी’, डोक्यावर एकच टिंब, आणि दोन पुस्तकांत दोन सप्तकांचं अंतर. कोमल स्वर दाखवायला भातखंडे खाली आडवी रेघ देतात, पलुस्कर हलन्त.

तालाकडे वळा. भातखंडे समेला × देतात आणि खालीला 0. पलुस्कर समेला 1 लिहितात आणि खालीला +. कागद जरा तिरका धरला, हात थोडा घाईत असला, की एकाची सम ती दुसऱ्याची खाली. तबलजीला हे दाखवून बघा. तो कागद बाजूला ठेवेल आणि म्हणेल, तुम्ही गा, मी बघतो.

म्हणजे पुन्हा तेच. वर्गात गुरुजी समोर असतील तोवर टिंब वर आहे की खाली याने अडत नाही, कारण पहिली ओळ ते गाऊन दाखवतात. अडतं ते पुस्तक एकट्याने उघडणाऱ्याचं. आणि पुस्तकं तर त्या एकट्यासाठीच छापली होती.

हल्ली मोबाइलवर बंदिश पाठवायची असली तर टिंबं आणि खालच्या रेघा टंकत बसायला कुणाला वेळ नसतो. लोक सरळ इंग्रजी अक्षरं घेतात. त्यात कॅपिटल जी म्हणजे शुद्ध गंधार आणि स्मॉल जी म्हणजे कोमल गंधार. एबीसीत स्मॉल जी म्हणजे वरच्या सप्तकातला जी. दोन्हींत हात असलेला एखादा उत्साही मेळ घालायला निघाला तर त्याला अडवू नका, पण स्वतः सोबत जाऊ नका.

विशारद

विशारदला तोंडी परीक्षा असते. काही हुकमी वाक्यं आहेत, ती योग्य जागी यायला हवीत.

पहिलं आणि सर्वांत भारी: “जुन्या फायलींचं काय?” कुणीही काहीही सुचवलं की हे विचारा. याला उत्तर नसतं. लिलीपॉन्ड नावाची दुसरी एक स्वरलिपी आहे. तिचं व्याकरण आवृत्तीगणिक बदलतं, पण प्रत्येक फायलीच्या डोक्यावर आवृत्ती लिहिलेली असते आणि जुनी फाइल नवी करून द्यायला त्यांचाच एक प्रोग्राम असतो. एबीसीवाल्यांना हे जमत नाही. चाली जगभर विखुरलेल्या आहेत. कुणी पबमधून परत येऊन टंकल्या, कुणी चुलत्याच्या वहीतून उतरवल्या, आणि बहुतेकांनी कोणत्या आवृत्तीत टंकतो आहोत याचा विचारही केला नाही. त्यांना घरी जाऊन कोण सांगणार? म्हणून प्रत्येक आवृत्तीत ‘पूर्वी असं होतं, आता नको, पण दिसलं तर समजून घ्या’ अशा कलमांची भर पडत जाते. वाचताना भाऊबंदकीच्या वाटणीपत्राची आठवण होते. माझ्या मते प्रमाणाच्या मजकुरात खरोखर वाचण्याजोगा भाग तोच आहे.

दुसरं: “हे %% मध्ये टाका.” एबीसीत % च्या पुढे लिहिलेलं म्हणजे टीप, प्रोग्रामने ती वाचायची नाही. पण ओळीच्या सुरुवातीला दोन % असतील तर ती टीप नसून हुकूम असू शकतो: कागदाचा आकार, अक्षरांचा ठसा, ओळींमधलं अंतर. ज्या प्रोग्रामला कळतो तो मानतो, ज्याला कळत नाही तो टीप समजून पुढे जातो. व्याकरणात ज्याला जागा मिळत नाही त्याची रवानगी तिकडे करतात. तिथे कुणाच्या अंगाला काही लागत नाही आणि वाद थोडा शांत होतो.

तिसरं वाक्य नाजूक आहे: “शार्प कुठवर पुरतो?” पाश्चात्त्य छापील नोटेशनमध्ये एका स्वराला शार्प लावला की तो त्या बारपुरता आणि त्याच सप्तकापुरता. आता बारमध्ये ^ लावून कॅपिटल एफ आला आणि चार स्वरांनंतर साधा स्मॉल एफ आला. हा स्मॉल एफ शार्प की शुद्ध? फिडलवाला हसेल. चालीला जो लागतो तो, म्हणेल. 2.1 ने मात्र तीन पर्याय दिले: शार्प त्या एका स्वरापुरताच, किंवा त्या सप्तकात बार संपेपर्यंत, किंवा सगळ्या सप्तकांत बार संपेपर्यंत. काहीच सांगितलं नसेल तर शेवटचा धरायचा. छापील नोटेशनवर वाढलेला माणूस इथे ताडकन उठतो. त्याला उठू द्या. मग हळूच म्हणा की खात्रीसाठी दर वेळी खूण द्यावी, त्यात कमीपणा नाही. सगळे ‘ते तर आहेच’ म्हणतील आणि कुणीही देणार नाही.

बॅगपाइपचा विषय निघाला तर आवाज खाली ठेवा. हायलंड पाइपसाठी के: मध्ये दोन खास खुणा आहेत, कॅपिटल एच कॅपिटल पी, आणि कॅपिटल एच स्मॉल पी. पहिलीत कीच्या खुणा छापायच्या नाहीत, दुसरीत एफ शार्प, सी शार्प आणि जी शुद्ध असं छापायचं. एका स्मॉल अक्षराने एवढा फरक का, असं पाइपवाल्याला विचारू नये. तो सांगत बसतो.

अधिकृत काय आणि मसुदा काय, हेही इथेच येतं. 1.6 नंतर 1.7.6 झाला, तो मसुदाच राहिला. मग ग्विदो गोंझातो यांनी 2.0 संकलित केला, तोही मसुदाच. 1996 ते 2011 या पंधरा वर्षांत चाली टंकणारे टंकत राहिले, प्रोग्राम लिहिणारे लिहीत राहिले, आणि अधिकृत म्हणावं असं कागदावर फारसं काही नव्हतं. चाल मात्र एकही अडली नाही. हे वाक्य प्रमाणविरोधकांच्या बैठकीत टाळ्या मिळवतं. प्रमाणवाल्यांच्या बैठकीत टाळा.

अलंकार

इथपर्यंत आलेल्याने आता परीक्षकाच्या खुर्चीत बसायचं. 2.1 मध्ये त्यासाठी सुंदर सोय आहे. फायलीच्या अगदी पहिल्या ओळीवर %एबीसी-2.1 असं लिहिलं की ती फाइल कडक शिस्तीने तपासावी. आवृत्ती लिहिलेली नसेल तर सैल हाताने, जुन्या चुका पोटात घालून. स्वतःच्या फायलींवर ही ओळ लिहू नका. दुसऱ्यांना मात्र ती लिहिण्याचा आग्रह धरा.

यू: या ओळीचाही उपयोग करा. एच ते डब्ल्यू ही अक्षरं आणि ~ यांना तुमच्या मनाचे अर्थ देता येतात. ज्या गोष्टीवर एकमत होणार नाही तिथे प्रत्येकाला आपापला अर्थ लावायची अधिकृत परवानगी देणं हा प्रमाणलेखनातला सर्वांत पोक्त निर्णय आहे, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. फक्त ती ओळ चालीबरोबर पुढे जात नाही. लोक चाल उचलतात आणि डोक्यावरच्या ओळी मागे ठेवतात.

शेवटचं प्रात्यक्षिक म्हणजे स्वतःचा प्रोग्राम. अलंकारपदाला हा लागतोच. बाकीचे सगळे प्रोग्राम कुठे ना कुठे चुकतात हे तुम्हाला एव्हाना कळलेलं असेल, आणि तुमचा चुकणार नाही अशी खात्रीही वाटत असेल. लिहा. दोन-तीन अडचणींवर तुम्ही छोटेसे मार्ग काढाल, एखादी नवी खूणही बसवाल, व्याकरणात ती नाही पण सोयीची आहे. लोक ती वापरू लागतील. मग कुणीतरी एक फाइल पाठवेल, ती तुमच्या प्रोग्राममध्ये उघडणार नाही, आणि पाठवणारा म्हणेल की बाकी सगळीकडे नीट वाजते. त्याला शांतपणे विचारा, कोणत्या आवृत्तीप्रमाणे?